बाळंतपणात रक्त किती गेलं होतं?

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त विदर्भातल्या वत्सगुल्म नगराला कामदेवाचं क्रीडास्थान म्हटलं आहे. कामसूत्रातही वत्सगुल्माचा उल्लेख येतो. ते वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. त्याच वाशिमच्या दवाखान्यात आज एखादी पस्तिशी-चाळिशीची बाई येते, तेव्हा ‘नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही’ हे वाक्य तिच्या तोंडून निघत नाही. ती म्हणते, “अंगात जीवच नाही राह्यला.” हिमोग्लोबिन तपासलं जातं, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. फारच गळून गेलेली दिसली तर सलाईन लावतात. सलाईनमधल्या मिठाने आणि ग्लुकोजने तिला दोन-चार दिवस खरंच बरं वाटतं. मग पुन्हा तेच. अशा किती बाटल्या चढल्या याचा हिशेब घरात कुणाकडे नसतो. तिची पाळी कधी थांबली, शेवटच्या बाळंतपणात रक्त किती गेलं आणि बाळाला अंगावरचं दूध मिळालं का, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. खरं तर उत्तर तिथेच दडलेलं असू शकतं.

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची एक ग्रंथी असते: पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका. थायरॉइडला, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना आणि बीजकोशांना कामाचे हुकूम तिथून सुटतात. दूध उतरवणारं प्रोलॅक्टिनही तिथलंच. गरोदरपणात ही ग्रंथी फुगते, तिची भूक वाढते, पण तिला मिळणारं रक्त मुळात कमी दाबाचं असतं. अशा वेळी प्रसूतीत अतोनात रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला तर ग्रंथीचा बराचसा भाग उपाशी मरतो. हेरॉल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने 1937 साली याचं नीट वर्णन केलं, म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात. श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांना तो आता क्वचित दिसतो. आपल्याकडे तसं नाही. काश्मीरमधली एक पाहणी 2005 साली प्रसिद्ध झाली. मूल झालेल्या, वीस वर्षांवरच्या बायकांपैकी सुमारे 3 टक्के जणींत हा आजार असल्याचा अंदाज तिने मांडला. त्या बायकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जणी घरीच बाळंत झाल्या होत्या.

काश्मीर म्हणजे वाशिम नव्हे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. 2005-06 मध्ये महाराष्ट्रातली सुमारे 65 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. 2019-21 मध्ये ते प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास गेलं. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात 2014 साली आली. त्याआधी मानोऱ्याच्या एखाद्या तांड्यावरून किंवा रिसोडच्या खेड्यातून रात्री बाळंतीण हलवायची म्हणजे बैलगाडी किंवा ओळखीच्या माणसाची जीप. वार पडली नाही, अंगावरून धो धो गेलं, तरी ती वाचली. घरच्यांनी देवाचे आभार मानले आणि विषय संपला. त्या काळात बाळंत झालेल्या बायका आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. आजार हळूहळू उघडा पडतो. रक्तस्राव आणि निदान यांत दहा-पंधरा वर्षं गेली तरी डॉक्टरांना नवल वाटत नाही.

“मूल झालं की बाईला ती इच्छा राहत नाही”

सगळ्यांत पक्का बसलेला समज हा, आणि सगळ्यांत जास्त नुकसान करणाराही हाच. बाळंतपणानंतर काही महिने झोप नसते, अंग दुखतं, दूध पाजताना इस्ट्रोजेन कमी असतं; त्या काळात इच्छा मंदावणं स्वाभाविक आहे. पण वर्षानुवर्षं ती परतच आली नाही, आणि सोबत पाळीही परत आली नाही, तर ते वयाचं किंवा स्वभावाचं काम नाही.

पिट्युटरीचा हुकूम थांबला की बीजकोश इस्ट्रोजेन बनवायचे थांबतात. योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, संबंधाच्या वेळी आग होते, कधी रक्तही येतं. मग शरीर दुखण्याच्या धास्तीने आधीच आवळून घेतं. ज्या गोष्टीने दर वेळी दुखतं, तिची ओढ कुणाला राहील? त्यात आणखी एक पदर आहे, आणि तो पुष्कळ डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. बाईच्या शरीरातही पुरुषी समजली जाणारी हार्मोन्स असतात. ती बीजकोशात आणि अधिवृक्क ग्रंथींत तयार होतात, आणि कामेच्छेत त्यांचा वाटा आहे. नेहमीच्या रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन गेलं तरी ही हार्मोन्स बऱ्यापैकी टिकतात. पिट्युटरी निकामी झाली की दोन्ही झरे एकदम आटतात. म्हणून काखेतले आणि जांघेतले केस विरळ होतात, जातात. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात काढलेले केस पुन्हा उगवलेच नाहीत, ही या आजाराची जुनी, भरवशाची खूण आहे. बाईला ती माहीत असते. कुणी विचारलं तरच ती सांगते.

वर थायरॉइड मंद, म्हणून थंडी सोसत नाही, अंग जड, मन उदास. अधिवृक्क ग्रंथींचं कॉर्टिसॉल कमी, म्हणून सकाळी उठवत नाही, जेवण नको वाटतं, साध्या तापाने भोवळ येते. असं शरीर घेऊन ती सोयाबीनच्या निंदणाला जाते, घरी येऊन भाकरी थापते, आणि रात्री नवऱ्याकडे पाठ करून झोपते. त्यातून घरात काय काय अर्थ निघतात ते सांगायला नको. हिचं मन दुसरीकडे आहे. हिला बाहेरची बाधा आहे. ही माजली आहे. मांत्रिकाकडे खेपा होतात, क्वचित दुसऱ्या लग्नाची भाषाही. एसटी स्टँडच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात त्या सगळ्या पुरुषांसाठी. बाईला असा काही प्रश्न असू शकतो हे भिंतीसुद्धा मान्य करत नाहीत.

नवऱ्याची बाजूही बघायला हवी. वर्षानुवर्षं नकार ऐकणारा माणूस दर वेळी दुष्ट असतो असं नाही. पुष्कळदा त्याला आपण नकोसे झालो आहोत असं वाटत असतं. नकाराचं कारण हार्मोनमध्ये आहे हे त्याला डॉक्टरांच्या तोंडून कळलं तर निम्मा तणाव तिथेच उतरतो. म्हणून तपासणीला जोडीने जाणं बरं. मात्र आधी थोडा वेळ बाईला एकटीला बोलू द्यावं.

“पाळी लवकर गेली, सुटली बिचारी!”

तिशीत पाळी थांबलेल्या बाईला शेजारणी हे कौतुकाने म्हणतात. शेतात राबणाऱ्या बाईला महिन्याची कटकट गेल्याचा आनंद होणारच, त्यात चूक काही नाही. पण पाळीबरोबर इस्ट्रोजेनही गेलेलं असतं. ते दहा-वीस वर्षं आधी गेलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचं संरक्षण कमी होतं, योनीचं अस्तर वाळतं, लघवीला जळजळ आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो.

निदानाची एक सोपी किल्ली इथे आहे. बीजकोश स्वतः थकले असतील तर पिट्युटरी त्यांना जागं करायला जोर लावते आणि रक्तातलं एफएसएच, म्हणजे तिने बीजकोशांना धाडलेला हुकूम, वाढतं. पाळी गेलेली, इस्ट्रोजेन कमी, आणि तरीही एफएसएच कमी किंवा ‘नॉर्मल’ असेल, तर गडबड वरच्या मजल्यावर आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं एफएसएच चांगलं वाढलेलं असायला हवं. ते कमी आलं तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचून आनंद मानू नये.

“डोक्यातली ग्रंथी म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे कॅन्सर”

नाही. शीहानमध्ये गाठ नसतेच. एमआरआयमध्ये ग्रंथीची जागा उलट रिकामी-रिकामी दिसते. पिट्युटरीत गाठी होतात, पण त्या बहुतेक साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. त्यांतल्या काही प्रोलॅक्टिन जास्त बनवतात. तेव्हा मूल पाजत नसतानाही स्तनांतून दूध येतं, पाळी चुकते, इच्छा मरते. अशा गाठींना बहुतेक वेळा ऑपरेशनसुद्धा लागत नाही, कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी त्या आवळतात. उलटी थांबवायची काही औषधं आणि मानसिक आजाराची काही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात, म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात.

“साप उतरला, आता काही नाही”

खरिपात घोणस चावली, सर्पविषावरची लस मिळाली, रक्त गोठायला लागलं, मूत्रपिंडं सावरली, की घरी सत्यनारायण होतो. पण घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते तेव्हा पिट्युटरीतही रक्तस्राव होऊ शकतो किंवा बारीक गुठळ्या अडकू शकतात. म्यानमारच्या डॉक्टरांनी 1987 साली ‘लॅन्सेट’ मासिकात अशा रुग्णांचं वर्णन केलं. त्यांची अवस्था थेट शीहानसारखी होती. पुढे भारतातून आणि श्रीलंकेतूनही असे रुग्ण नोंदले गेले. हे पुरुषांतही होतं: दाढी विरळ होते, इच्छा जाते, थकवा सरत नाही. सर्पदंश होऊन गेलेल्या बाईची पाळी पुढच्या काही महिन्यांत थांबली, तर दंशाची गोष्ट डॉक्टरांना सांगावी. डॉक्टर आपण होऊन ती विचारतील अशी वाट बघू नये.

डोक्याला जबर मार, मेंदूच्या आवरणाचा टीबी, डोक्यावर घेतलेली किरणोपचाराची मात्रा यांनीही ही ग्रंथी मंदावते.

“थायरॉइडची गोळी चालू आहे ना, मग झालं”

घाईत वाचणाऱ्यांनीही इथे थांबावं, कारण या चुकीने जीव जाऊ शकतो. थकलेल्या बाईची थायरॉइड तपासणी आता तालुक्यालाही होते. पण नुसत्या टीएसएचवर हा आजार पकडता येत नाही, कारण टीएसएच पिट्युटरीच बनवते. ग्रंथीच आजारी असेल तर टीएसएच नॉर्मल दिसू शकतं आणि थायरॉइडचं खरं हार्मोन मात्र तळाला असतं. म्हणून सोबत फ्री टी-4 बघावं लागतं.

समजा ते कमी आलं आणि थायरॉक्सिन सुरू झालं. शरीरात कॉर्टिसॉलचाही तुटवडा असेल आणि तो भरून काढला नसेल, तर थायरॉक्सिनने शरीराचा वेग वाढतो, होतं नव्हतं ते कॉर्टिसॉल संपतं आणि बाई कोसळते. क्रम असा: सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल तपासायचं, कमी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन, आणि मग थायरॉक्सिन. इच्छा, कोरडेपणा, पाळी यांचे उपचार त्यानंतर. बाई आधी धड उभी राहिली पाहिजे.

इथे दुसरी भीती आडवी येते. स्टेरॉइड! स्टेरॉइडने अंग सुजतं, साखर वाढते, हाडं झिजतात. हे खरं आहे, पण जास्त मात्रेबद्दल. इथे दिलं जातं ते शरीर रोज जेवढं बनवतं तेवढंच, साधारण 15 ते 20 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, दिवसातून दोन-तीन वेळा विभागून. गंमत अशी की हीच माणसं सांधेदुखीवर बाबाची पुडी बिनदिक्कत खातात, आणि त्या पुडीत पुष्कळदा जबर स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. अशी पुडी महिनोन्महिने घेतली की पिट्युटरी अधिवृक्काला हुकूम द्यायचं विसरते. पुडी एकदम बंद केली की शीहानसारखाच कॉर्टिसॉलचा दुष्काळ पडतो.

ज्या बाईला हे औषध चालू आहे तिने ते मनाने कधीच बंद करायचं नाही. ताप आला तर डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे गोळी दुप्पट-तिप्पट करायची. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. पदराच्या गाठीत नाहीतर मोबाइलच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी असावी: आजाराचं नाव, आणि ‘बेशुद्ध पडल्यास हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम इंजेक्शन द्यावे’. नवरा-बायकोच्या नेहमीच्या संबंधांसाठी मात्र जादा गोळीची गरज पडत नाही, आणि संबंधांनी आजार वाढतो ही भीतीही निराधार आहे.

“हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो”

ही भीती हवेतून आलेली नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 साली आले आणि जगभर हार्मोन उपचारांची धास्ती बसली. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. त्यांची पाळी नैसर्गिक वयात गेली होती आणि त्यांना वरून हार्मोन दिलं जात होतं. बत्तीस वर्षांच्या बाईला तिच्या वयाचं, तिच्या शरीरात असायलाच हवं होतं ते इस्ट्रोजेन परत देणं ही निराळी गोष्ट आहे. ते साधारण पन्नाशीपर्यंत द्यायचं. गर्भाशय शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, यकृताचा गंभीर आजार असेल, तर हा मार्ग वेगळा ठरवावा लागतो. पोटातून इस्ट्रोजेन सुरू झालं की थायरॉक्सिनची मात्रा कधी कधी वाढवावी लागते, हेही डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

“औषध सुरू झालं, आता सगळं पूर्वीसारखं व्हायला हवं”

हा समज उपचार सुरू झाल्यावर येतो, आणि तो नवऱ्याचा असतो तितकाच बाईचाही. कॉर्टिसॉलने काही दिवसांतच अंगात जीव येतो. थायरॉइडचा परिणाम दिसायला काही आठवडे, योनीचं अस्तर सुधारायला दोन-तीन महिने. इच्छेचं तसं वेळापत्रक नसतं. काहींची बरीचशी परत येते, काहींची थोडी, काहींची जवळजवळ नाही. पुरुषी हार्मोनची उणीव भरून काढायला डीएचईए नावाचं औषध काही वेळा वापरून बघतात. त्याचा फायदा झालाच तर बेताचा असतो, आणि ते सरसकट दिलं जात नाही. दुकानातून जडीबुटी किंवा ‘ताकदीची’ पावडर आणणं म्हणजे वर सांगितलेल्या पुडीला पुन्हा दार उघडून देणं.

जे नक्की साधतं ते दुखणं कमी करणं. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. त्याने अंगभर जाणारी मात्रा अगदी थोडी असते. संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारलेलं वंगण वापरावं. खोबरेल तेल घरात असतंच आणि पुष्कळ जोडपी तेच वापरतात. पण निरोध वापरत असाल तर तेल नको, त्याने रबर फाटतं. आणि दुखण्याची सवय झालेल्या शरीराला वेळ द्यावा लागतो. काही आठवडे संबंध टाळून नुसती जवळीक ठेवावी, असा सल्ला डॉक्टर देतात तो यासाठीच. दुखत असताना ‘होईल सवय’ म्हणून रेटणं हा उपचार नव्हे, तो जुलूम आहे, आणि त्याने बरं होत आलेलं शरीर पुन्हा आवळतं. मनावर उदासीचं सावट राहिलं तर तिच्यावर वेगळा उपचार लागतो.

वाशिम जिल्ह्यात हार्मोनतज्ज्ञ गाठणं सोपं नाही. जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला, 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथे अलीकडे, 2024 साली सुरू झालं. संशय मात्र कारंज्याच्या किंवा मंगरुळपीरच्या साध्या दवाखान्यातही घेता येतो: बाळंतपणाची हकीकत, रक्तातलं सोडियम आणि साखर, सकाळचं कॉर्टिसॉल, फ्री टी-4, एफएसएच, प्रोलॅक्टिन. एवढं हातात आलं की अकोला, नागपूर किंवा मुंबईचं के.ई.एम. रुग्णालय गाठायला आधार मिळतो. पहिल्या जुळवाजुळवीनंतर रोजच्या गोळ्या गावातल्या मेडिकलवरही मिळू शकतात. आशाताईंना हा आजार नावाने माहीत नसला तरी कोणत्या बाईच्या बाळंतपणात काय झालं होतं ते त्यांना माहीत असतं. त्या आठवणीची किंमत एमआरआयपेक्षा कमी नाही.

“आता मूल होणार नाही, म्हणजे काळजीच नको”

दोन्ही बाजूंनी चूक. बीजकोश शाबूत असतात, फक्त त्यांना हुकूम मिळत नसतो. हुकमाचं काम करणारी इंजेक्शनं देऊन बीज तयार करता येतं, आणि अशा बायकांना मुलं झाली आहेत. उपचार खर्चिक आहे, मोठ्या शहरात राहावं लागतं, पण अशक्य नाही. दुसरीकडे, ग्रंथीचा थोडा भाग जिवंत असेल तर पाळी न येताही अधूनमधून बीज सुटू शकतं आणि ध्यानीमनी नसताना गर्भ राहू शकतो. शीहानच्या रुग्णांत अशा नोंदी आहेत. पाळी नसल्याने गर्भ राहिल्याचं उशिरा कळतं. मूल नको असेल तर निरोध किंवा तांबीबद्दल विचारून घ्यावं. पाळीसाठी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या गर्भ रोखतीलच असं नाही.

गर्भ राहिलाच तर त्या बाईचं बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रावर नको, रक्तपेढी जवळ असलेल्या रुग्णालयात हवं. प्रसूतीच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागणार हे तिथल्या डॉक्टरांना आधी माहीत हवं. अंगावरचं दूध मात्र बहुधा याही वेळी उतरणार नाही, कारण प्रोलॅक्टिनची गोळी मिळत नाही. बाळाच्या दुधाची सोय आधीच करून ठेवावी, आणि हे सासूबाईंना सातव्या महिन्यातच सांगून टाकावं, म्हणजे बाराव्या दिवशी मेथीच्या लाडवांवरून भांडण व्हायचं नाही.